दप्तर लावण्याची विद्या : ‘डिरेड’ची ओळख

(द्वितीय वर्ष कला, मराठी विभाग)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकासाठी संगणकावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. कथा, कविता, फार तर एखादे प्रवासवर्णन एवढीच आमच्याकडून अपेक्षा असते. परंतु हा विषय मी हौसेने निवडलेला नाही. माझ्यावर गुदरलेल्या एका प्रसंगातून तो आला आहे. तो प्रसंग आधी सांगतो, म्हणजे पुढील तांत्रिक भाग कशासाठी लिहिला हे ध्यानात येईल.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. अण्णा बाजार समितीच्या आवारात हमाली करतात, आई रोजंदारीने शेतावर जाते. आजीला अक्षरओळख नव्हती. पण जात्यावरच्या ओव्या तिला किती येत होत्या याची मोजदाद घरात कोणी केली नव्हती. प्रथम वर्षाला असताना मराठीच्या बाईंनी ‘आपापल्या घरचे मौखिक वाङ्मय लिहून आणा’ असे सांगितले आणि मी वही घेऊन आजीपुढे बसलो. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत तीन वह्या भरल्या. विभागातील जुन्या संगणकावर मी त्या ओव्या उतरवू लागलो. एका ओवीला एक फाइल, असा हिशेब ठेवला होता. शेवटी शेवटी आजी फोनवर ओवी सांगे आणि मी विभागात बसून ती थेट टाइप करी. वहीत उतरवण्याचा मी कंटाळा केला. भाद्रपदात आजी गेली.

संग्रह बाईंना द्यायचा म्हणून मी साफसफाई काढली. दुबार झालेल्या फाइलींना मी ‘जुनी’ या शब्दाने सुरू होणारी नावे दिली होती. त्या सर्व एकदम पुसण्यासाठी मी आज्ञेच्या खिडकीत ‘आरएम’ ही आज्ञा, तिच्यापुढे ‘जुनी’ आणि त्याला लागून तारांकन लिहिणार होतो. तारांकन म्हणजे ‘पुढे काहीही असो’. परंतु ‘जुनी’ आणि तारांकन यांच्यामध्ये माझ्या हातून एक मोकळी जागा पडली. त्यामुळे आज्ञेचा अर्थ झाला : ‘जुनी नावाची फाइल पूस, आणि इथे जे काही आहे ते सर्व पूस.’ पडद्यावर एकच ओळ उमटली. ‘जुनी’ नावाची फाइल सापडत नाही, असे ती सांगत होती. बाकीच्या १६३ फाइली निमूटपणे गेल्या होत्या.

वह्यांवरून १५२ ओव्या मी पुन्हा उतरवल्या. फोनवर घेतलेल्या ११ ओव्या कोठेच नव्हत्या.

बाई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “अरे, काय पुसतो आहेस ते पुसण्याआधी एकदा वाचायचे होतेस.” घरी आल्यावर अण्णांना सगळे सांगितले. त्यांना फाइल म्हणजे काय ते कळले नाही, पण चूक नेमकी कळली. ते म्हणाले, “आमच्यात मार्का आधी, पाठ नंतर. मार्का नसलेल्या पोत्याला हात लावायचा न्हाई.” पुढे संगणक कक्षातील सरांनी मला ‘डिरेड’ दाखवले, तेव्हा बाईंचे आणि अण्णांचे म्हणणे एकाच ठिकाणी अमलात आणलेले मला दिसले. त्याचीच ओळख प्रस्तुत लेखात करून द्यायची आहे.

१. डिरेक्टरी म्हणजे नेमके काय?

आपण ज्याला फोल्डर म्हणतो त्याचे जुने नाव डिरेक्टरी. फोल्डर म्हटले की कागद ठेवलेला पुठ्ठा डोळ्यांसमोर येतो आणि फाइली त्याच्या ‘आत’ आहेत असे वाटते. ही समजूत व्यवहाराला पुरते. पण आत काय चालते ते समजायला ती पुरत नाही.

युनिक्स ही कार्यप्रणाली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून घडवली. आजचे लिनक्स तिच्याच वळणावर चालते. या परंपरेत डिरेक्टरी ही स्वतःच एक प्रकारची फाइल असते. तिच्यात नावे असतात आणि प्रत्येक नावासमोर एक क्रमांक असतो. त्याला आयनोड क्रमांक म्हणतात. फाइल केवढी, कोणाच्या मालकीची, केव्हा बदललेली, तिचा मजकूर तबकडीवर कोठे आहे, ही सर्व माहिती त्या क्रमांकाखाली असते. नाव मात्र तेथे नसते. ते फक्त डिरेक्टरीत असते.

आपल्या ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. पुस्तक कपाटात असते, त्यावर दाखल क्रमांक असतो, आणि सूचीतल्या कार्डावर पुस्तकाचे नाव व तो क्रमांक लिहिलेला असतो. डिरेक्टरी म्हणजे ही कार्डे, कपाट नव्हे. यावरून तीन गोष्टी निघतात. फाइलीचे नाव बदलले तर कार्ड बदलते, मजकुराला धक्का लागत नाही. एकाच फाइलीला दोन नावे असू शकतात, जशी एकाच पुस्तकाची दोन कार्डे. आणि फाइल पुसणे म्हणजे कार्ड फाडणे. शेवटचे कार्ड फाटले की ती जागा नव्या मजकुराला मोकळी होते. मग जुने परत मिळवणे अत्यंत अवघड होऊन बसते.

डिरेक्टरी ही जर मुळात यादी असेल, तर ती यादी वाचण्याचे व दुरुस्त करण्याचे उत्तम स्थान कोणते? जेथे आपण इतर मजकूर वाचतो व दुरुस्त करतो तेच, म्हणजे मजकूर-संपादक अथवा टेक्स्ट एडिटर. डिरेडचे बीज या विचारात आहे.

२. थोडा इतिहास

‘डिरेड’ हे नाव डिरेक्टरी आणि एडिट या दोन शब्दांचे तुकडे जोडून झाले आहे. १९७४ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत स्टॅन कुगेल यांनी हा कार्यक्रम प्रथम लिहिला. तेव्हा तो स्वतंत्र कार्यक्रम होता, एडिटरचा भाग नव्हता.

१९७६ मध्ये एमआयटी या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन व गाय स्टील यांनी ईमॅक्स नावाचा एडिटर सिद्ध केला. पुढे स्टॉलमन यांनी तो नव्याने लिहिला. ग्नू ईमॅक्स या नावाने तो १९८५ मध्ये लोकांसमोर आला, आणि डिरेड त्यात आरंभीच्या काळापासून आहे. ग्नू ईमॅक्स विनामूल्य मिळतो व त्याची संहिता कोणालाही वाचता व बदलता येते. आमच्यासारख्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट लहान नाही.

दुसरे घराणे व्हीआय या एडिटरचे. तो बिल जॉय यांनी १९७६ मध्ये बर्कली येथे लिहिला. त्याचा सुधारलेला अवतार व्हिम हा नेदरलंडचे ब्रॅम मूलेनार यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. व्हिममध्येही डिरेक्टरी उघडता येते. तेथे हे काम नेटआरडब्ल्यू नावाचा जोडभाग करतो. कळा वेगळ्या, पण कल्पना तीच. मला सराव डिरेडचा असल्याने पुढील विवेचन त्याचेच आहे.

३. यादी कशी वाचावी?

ईमॅक्समध्ये कंट्रोल दाबून एक्स, मग कंट्रोल सोडून डी दाबले की कोणती डिरेक्टरी हवी असे खालच्या ओळीत विचारले जाते. एंटर दाबताच यादीचे पान उघडते. एका फाइलीला एक ओळ. वानगीदाखल एक ओळ डावीकडून उजवीकडे वाचू.

सर्वांत आधी दहा चिन्हांची एक रांग येते. तिच्यातील पहिले चिन्ह आडवी रेघ असेल तर ती साधी फाइल. डी असेल तर ती आतली डिरेक्टरी. पुढील नऊ चिन्हे तीन-तीनच्या गटांत वाचावी : पहिला गट मालकाचा, दुसरा त्याच्या समूहाचा, तिसरा इतर सर्वांचा. आर म्हणजे वाचण्याची, डब्ल्यू म्हणजे लिहिण्याची आणि एक्स म्हणजे चालवण्याची परवानगी. यानंतरचा आकडा त्या फाइलीला किती नावे आहेत ते सांगतो. मग मालक, समूह, आकार, शेवटच्या बदलाची तारीख व वेळ, आणि अखेरीस नाव.

येथे एक बारकावा सांगतो, कारण तो पुष्कळांना ठाऊक नसतो. फाइल पुसायला त्या फाइलीवर लिहिण्याची परवानगी लागत नाही. ती ज्या डिरेक्टरीत आहे तिच्यावर लागते. कार्ड फाडणारा पुस्तकाला हात लावीत नाही, कार्डांच्या पेटीला लावतो. म्हणून ‘फाइल फक्त वाचण्यापुरती ठेवली आहे, ती सुरक्षित आहे’ असे मानणे धोक्याचे आहे.

आकाराचा रकाना आम्हा भाषेच्या विद्यार्थ्यांना विशेष उपयोगी आहे. आज सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते. काना, मात्रा, वेलांटी ही वेगळी चिन्हे धरली जातात. म्हणून शंभर चिन्हांची ओवी सुमारे तीनशे बाइटांची होते. आकार शून्य दिसला तर फाइल रिकामी आहे हे न उघडताच कळते. दोन फाइलींचा आकार अगदी सारखा असेल तर त्या एकमेकींच्या प्रती असण्याचा संभव असतो. परंतु संभव म्हणजे खात्री नव्हे. कर्सर एका फाइलीवर ठेवून ‘बरोबर’चे चिन्ह दाबले आणि दुसरीचे नाव दिले, तर दोहोंतील फरक समोर येतो. मी त्या दिवशी हे केले असते तर कोणती प्रत खरोखर दुबार आहे ते कळले असते.

यादीत हिंडणे सोपे आहे. एंटर दाबले की कर्सरखालची फाइल उघडते. ती डिरेक्टरी असेल तर तिची यादी उघडते. टोपीसारखे चिन्ह दाबले की एक पायरी वर जाता येते. एस दाबले की नावांच्या क्रमाऐवजी तारखांचा क्रम लागतो, म्हणजे काल काय केले ते वर येते. आय दाबले तर आतल्या डिरेक्टरीची यादी त्याच पानावर खाली जोडली जाते. क्यू दाबले की पान मिटते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे पान मजकुराचे पान आहे. लेखात शब्द शोधण्यासाठी आपण कंट्रोल व एस दाबतो. यादीत नाव शोधायलाही तेच दाबावे. नवी विद्या शिकावी लागत नाही.

४. खूण आधी, कृती नंतर

आता डिरेडच्या गाभ्याकडे येतो. फाइलीच्या ओळीवर डी दाबले तर फाइल पुसली जात नाही. त्या ओळीच्या डाव्या कडेला फक्त ‘डी’ हे अक्षर उमटते. दहा फाइलींवर दाबा, दहा ओळींवर खुणा होतील. तबकडीवर काहीही घडलेले नसेल. चूक झाली तर यू दाबून खूण काढता येते, आणि शिफ्टसह यू दाबले तर सर्व खुणा एकदम निघतात. खुणा झाल्यावर पान वरपासून खालपर्यंत वाचावे. मग एक्स दाबावे. तेव्हाही डिरेड खूण केलेल्या फाइलींची नावे पुढे मांडून विचारते, आणि मूळ मांडणीत होकारासाठी पूर्ण शब्द टाइप करावा लागतो. नुसते एक अक्षर चालत नाही. सवयीने धावणाऱ्या बोटाला थांबवण्यासाठीच ही तजवीज असावी.

माझी चूक येथे कशी झाली असती ते पाहू. टक्क्याचे चिन्ह, मग डी, आणि मग ‘जुनी’ हा शब्द दिला, तर ज्यांच्या नावात ‘जुनी’ आहे त्या सर्व फाइलींवर एकदम खुणा होतात. म्हणजे तारांकनाची सोय येथेही आहे. समजा, माझ्या हातून नमुना चुकला असता आणि सर्वच फाइलींवर खुणा झाल्या असत्या. तरीही माझ्यासमोर १६३ ओळींच्या कडेला १६३ खुणा उभ्या राहिल्या असत्या. आंधळ्यालाही त्या दिसल्या असत्या! आज्ञेच्या खिडकीत आज्ञा आणि कृती यांच्यामध्ये काहीच नव्हते. डिरेडमध्ये त्या दोहोंच्या मध्ये एक वाचायचे पान असते. अण्णा म्हणतात तो मार्का हाच.

पुसण्याखेरीज इतर कामांसाठी एम ही कळ आहे. तिने ओळीच्या कडेला तारांकन उमटते. मग शिफ्टसह सी दाबले तर खूण केलेल्या सर्व फाइलींची प्रत दुसऱ्या ठिकाणी करता येते. शिफ्टसह आर दाबले तर त्या हलवता येतात. अधिकचे चिन्ह दाबले की नवी डिरेक्टरी निर्माण होते. शिफ्टसह ए दाबून शब्द दिला तर खूण केलेल्या सर्व फाइलींत तो शोधला जातो, व तो ज्या ज्या ओळीत आहे त्या ओळी फाइलीच्या नावासह एकत्र मिळतात. आजीच्या किती ओव्यांत ‘माहेर’ हा शब्द आला आहे हे मी असे शोधले. अभ्यासकाला जे काम करायला वह्या घेऊन दोन दिवस बसावे लागले असते, ते चहा निवण्याच्या आत झाले. अर्थात शब्द सापडणे म्हणजे अर्थ लागणे नव्हे. ते काम पुढेही आपल्यालाच करायचे असते.

५. नावांची दुरुस्ती

माझ्या फाइलींची नावे म्हणजे शुद्ध गोंधळ होता : ‘ओवी१’, ‘ओवीनवी’, ‘ओवीशेवट’, ‘ओवीशेवट२’. दीडशे नावे एकेक करून बदलायची म्हटले तर कोणीही कंटाळेल.

डिरेडचे पान एरवी फक्त वाचण्यापुरते असते. कंट्रोल दाबून एक्स व क्यू या कळा दाबल्या की तेच पान लिहिण्यासाठी मोकळे होते. आता यादीतील नावे साध्या मजकुरासारखी दुरुस्त करता येतात. अक्षर खोडावे, शब्द घालावा, ‘ओवीशेवट’ सगळीकडे बदलून ‘ओवी-माहेर’ करायचे असेल तर एडिटरची नेहमीची शोध-बदल आज्ञा द्यावी. ती प्रत्येक ठिकाणी थांबून विचारते. हे सर्व चालू असताना तबकडीवरची नावे होती तशीच असतात. पान मनासारखे झाले की कंट्रोलसह सी दोनदा दाबावे. सर्व नावे एकदम बदलतात. मन बदलले तर कंट्रोलसह सी व के दाबावे. सर्व दुरुस्त्या रद्द होतात. आधी कच्चा खर्डा, मग पक्का, ही आपल्या निबंधाची रीतच येथे फाइलींच्या नावांना लावली आहे.

मी नावांचा एक नियम ठरवला : आधी ‘ओवी’, मग विषय, मग तीन अंकी क्रमांक. क्रमांक तीन अंकी ठेवण्याचे कारण असे की यादी अक्षरक्रमाने लागते, व नुसते २ आणि १० लिहिले तर १० आधी येते. ००२ आणि ०१० लिहिले म्हणजे क्रम बिघडत नाही.

६. सावधगिरी

डिरेड म्हणजे सर्व रोगांवरचे औषध नव्हे. त्याच्या मर्यादाही सांगणे माझे कर्तव्य आहे.

पहिली गोष्ट : मूळ मांडणीत डिरेडने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही, ती खरोखर जाते. कचरापेटीत टाकण्याची सोय आहे, पण ती आपण चालू करावी लागते. नवशिक्याने ती पहिल्याच दिवशी करून घ्यावी. दुसरी गोष्ट : ‘केलेले परत फिरव’ ही एडिटरची आज्ञा यादीत दिली तर खुणा परत फिरतात, पुसलेल्या फाइली नाहीत. तिसरी गोष्ट : पान उघडले त्या क्षणाची यादी त्यावर असते. नंतर दुसऱ्या कोणी फाइल घातली वा काढली तर ती आपोआप दिसेलच असे नाही; जी दाबून पान ताजे करावे. चौथी गोष्ट : खुणा वाचायच्या नसतील तर खुणांचा उपयोग नाही. डोळे झाकून होकार टाइप करणाऱ्याला कोणताही एडिटर वाचवू शकत नाही.

आणि सर्वांत वरची गोष्ट म्हणजे दुसरी प्रत. ज्या संग्रहाची प्रत दुसऱ्या ठिकाणी नाही तो संग्रह अजून सुरक्षित झालेला नाही, असेच समजावे. हल्ली मी दर शनिवारी सर्व फाइलींवर खुणा करतो आणि शिफ्टसह सी दाबून त्यांची प्रत पेन-ड्राइव्हवर घेतो. दोन मिनिटांचे काम आहे. ते मी पूर्वी केले असते तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

समारोप

कळा पाठ करणे फारसे कठीण नाही. आठवडाभरात हात बसतो. पण डिरेडपासून मी जे शिकलो ते कळांपेक्षा वेगळे आहे. फाइलींची यादी हाही वाचायचा मजकूर आहे. आपण कविता वाचताना शब्दन्‌शब्द पाहतो आणि स्वतःच्या संग्रहाच्या यादीवरून मात्र नजर नुसती फिरवतो. मराठीच्या विद्यार्थ्याला वाचायला शिकवावे लागू नये. मला ते एका एडिटरने शिकवले, याची थोडी लाजही वाटते.

त्या ११ ओव्यांचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. आमच्या गल्लीत आजीबरोबर दळण दळलेल्या दोन म्हाताऱ्या आहेत. सुट्टीत मी त्यांच्याकडे गेलो. विषय सांगितला, पहिला शब्द आठवला तेथे तो सांगितला. एकीने सुरुवात करावी, दुसरीने तिला दुरुस्त करावे, असे करता करता चार ओव्या मिळाल्या. त्या आजीच्याच आहेत असे म्हणवत नाही. दोन ठिकाणी शब्द वेगळे आहेत असे मला वाटते. म्हणून त्या फाइलींच्या नावात मी ‘शेजार’ हा शब्द घातला आहे. या वेळी ओव्या आधी वहीत लिहिल्या, मग संगणकावर घेतल्या.

उरलेल्या सात ओव्यांसाठी मी सात रिकाम्या फाइली करून ठेवल्या आहेत. यादीत त्यांच्या आकाराच्या रकान्यात शून्य दिसते. साफसफाई करताना डिरेडचे पान वाचतो तेव्हा त्या सात ओळींपाशी येऊन थांबतो, आणि त्यांच्यावर खूण करीत नाही.